गोव्याच्या डोंगरमाथ्यांवरील सर्वेक्षणाच्या खुणा: नव्या जिओकॅशिंगकारांसाठी मार्गदर्शन

डोंगरमाथ्यावरची सर्वेक्षणाची खूण शोधायला निघालेला नवखा माणूस पहिली चूक घरीच करतो. तो इंटरनेटवर तयार यादी शोधतो. अमेरिकेत अशी यादी होती. तिथल्या राष्ट्रीय भूमापन संस्थेच्या माहितीच्या आधारे जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळाने खुणा शोधण्याचा स्वतंत्र विभाग अनेक वर्षे चालवला आणि २०२३ मध्ये तो बंद केला. ब्रिटनमधील छंदिष्टांकडेही डोंगरावरच्या खांबांच्या नेटक्या नोंदी आहेत. गोव्यासाठी मात्र अशी यादी मला कधी मिळाली नाही, त्यामुळे प्रत्येक खूण नकाशावरून आणि गावकऱ्यांना विचारून स्वतःच शोधावी लागली. त्या शोधात मी पुष्कळ पायपीट केली, आणि तिच्यातला बराचसा भाग टाळता आला असता. तुमची पायपीट तरी वाचावी, म्हणून हा क्रम सविस्तर लिहीत आहे.

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी ठेवलेली डबी अक्षांश-रेखांशांच्या मदतीने शोधायची, आतल्या वहीत सही करायची आणि डबी होती तशीच परत ठेवायची. ३ मे २००० रोजी अमेरिकेतील ओरेगन राज्यात हा खेळ सुरू झाला. सर्वेक्षणाच्या खुणेजवळ बहुधा डबी नसते. तिथे खूण पाहणे, ओळखणे आणि तिची नीट नोंद करणे हेच काम असते, म्हणून ओळखण्यापासून सुरुवात करतो.

१. काय शोधायचे आहे ते आधी समजून घ्या

१० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासजवळ पायारेषा मोजायला घेतली आणि भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला प्रारंभ झाला. पद्धतीचे तत्त्व साधे आहे. त्रिकोणाची एक बाजू जमिनीवर अत्यंत काळजीपूर्वक मोजली आणि तिच्या दोन्ही टोकांवरून तिसऱ्या बिंदूचे कोन घेतले, की उरलेल्या दोन बाजू गणिताने निघतात. मग त्यांतील एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. या बिंदूंना एकमेकांपासून दिसणे आवश्यक असल्यामुळे ते डोंगरमाथ्यावर निवडले गेले, आणि कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटचा मध्य नेमका कुठे होता हे पुढच्या माणसाला कळावे म्हणून तिथे कायमची खूण कोरून ठेवली गेली. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीज राजवट होती. त्यामुळे इथला एखादा दगड कोणाच्या काळातला आहे, हे त्यावरची अक्षरे वाचल्याखेरीज ठरवू नये.

माथ्यावर तुम्हाला पुढीलपैकी काहीही भेटू शकते, आणि नवख्यांचा सर्वांत मोठा घोटाळा इथेच होतो.

पहिला प्रकार त्रिकोणमितीय स्थानकाचा. जागच्या कातळावर किंवा जमिनीत बसवलेल्या दगडावर कोरलेले वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी ठिपका, ही त्याची ओळख. काही ठिकाणी त्यावर चिऱ्यांचा चौथरा, खांब किंवा दगडांची रास असते. अशा स्थानकात वरच्या खुणेच्या बरोबर खाली, जमिनीच्या पोटात, दुसरी खूणही पुरलेली असू शकते. वरची नष्ट झाली तरी जागा हरवू नये, हा त्यामागचा हेतू. म्हणून खूण सापडली नाही तरी तिथे खणू नका.

दुसरा प्रकार तलचिन्हाचा, ज्याला सर्व्हेतले लोक सरळ ‘बीएम’ म्हणतात. त्यात समुद्रसपाटीपासूनची उंची नोंदलेली असते आणि ते शक्यतो रस्त्याकडेला, पुलावर, जुन्या इमारतीच्या जोत्यावर आढळते. डोंगरावर ते क्वचितच मिळते. जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी, की भारताची जुनी समुद्रसपाटी ज्या नऊ बंदरांवरील भरती-ओहोटीच्या मोजमापांवरून ठरवली गेली, त्यांत काणकोणच्या दक्षिणेला असलेले कारवार होते.

तिसरा प्रकार म्हणजे शिमेचे दगड. जमिनीच्या तुकड्यांच्या कोपऱ्यांवर, गावांच्या सीमांवर, वन खात्याच्या हद्दीवर आणि खाणपट्ट्यांच्या कडेला असे दगड किंवा सिमेंटचे खांब असतात. डिचोली, सत्तरी आणि सांगे या तालुक्यांत खाणपट्ट्याचे खांब इतके दिसतात, की नवखा माणूस पहिल्याच दिवशी अशा खांबाला त्रिकोणमितीय स्थानक समजून आनंदाने घरी येतो. माझ्याही वहीतल्या पहिल्या दोन नोंदी पुढे खोडाव्या लागल्या. खांबावर रंगाने लिहिलेला क्रमांक असेल आणि ओळीत थोड्या अंतरावर तसाच दुसरा खांब दिसत असेल, तर तो हद्दीचा खांब समजा.

चौथा प्रकार सर्वेक्षणाचा नाहीच, पण त्याबद्दल सर्वांत अधिक काळजी घ्यायची आहे. गोव्यातील अनेक डोंगरांवर राखणदाराचे, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाचे, स्थान असते, आणि ते म्हणजे काही वेळा झाडाखाली मांडलेले चार दगड एवढेच असते. त्याला हात लावू नका, दगड उचलून खालची बाजू पाहू नका, आणि जवळ जाण्याआधी चपला-बूट काढा. एका माथ्यावर तर सर्व्हेच्याच दगडाला शेंदूर लावून फूल वाहिलेले मला दिसले. तेव्हा मी वर्तुळ दिसते का हे पाहण्यासाठी शेंदूर खरवडला नाही. लांबून छायाचित्र घेतले आणि नोंदीत ‘खात्री झाली नाही’ असे लिहिले. तुम्हीही तसेच करावे.

२. नकाशा मिळवा आणि त्यावरचा त्रिकोण शोधा

भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे खुल्या मालिकेतील नकाशे विभागाच्या ऑनलाइन नकाशा पोर्टलवर नोंदणी करून मिळवता येतात. जुन्या क्रमांकपद्धतीत गोव्याचा बहुतेक भाग ४८ई आणि ४८आय या गटांतील पत्रकांवर येतो आणि दक्षिणेचा थोडा भाग ४८जे मध्ये जातो. नकाशा उघडल्यावर आधी खालची सूची वाचा. त्रिकोण आणि शेजारी आकडा असेल तर ते त्रिकोणमितीय स्थानक आणि त्याची उंची. नुसता ठिपका आणि आकडा असेल तर ती केवळ उंची, आणि तिथे जमिनीवर काही असेलच असे नाही. ‘बीएम’ ही अक्षरे तलचिन्हाची. ठिपक्याला खूण समजून चार तास चढणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून हा फरक पाठच करा.

या प्रमाणात नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ५०० मीटर, आणि समोच्च रेषा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा) २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. याचा अर्थ, नकाशावर दोन मिलिमीटर रुंद दिसणारा त्रिकोण जमिनीवर १०० मीटर व्यापतो. नकाशावरून काढलेले अक्षांश-रेखांश तुम्हाला योग्य टेकाडापर्यंत नेतील, दगडापर्यंत नेणार नाहीत.

३. अक्षांश-रेखांशांचा घोळ घरीच निस्तरा

सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो, म्हणून थोडे सावकाश सांगतो.

पहिला घोळ लिहिण्याच्या पद्धतीचा. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटे लिहितात, तर जुन्या नकाशांवर अंश, मिनिटे आणि सेकंद असतात. १५ अंश २८ मिनिटे ३० सेकंद म्हणजे १५ अंश २८.५०० मिनिटे. ते घाईत २८.३०० असे टाइप केले, तर उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे ३७० मीटरांची चूक होते. गोव्याच्या डोंगराळ भागात तेवढ्या अंतरात मधे एक अख्खी घळ येऊ शकते.

दुसरा घोळ संदर्भ-पृष्ठाचा, म्हणजे ज्याला डेटम म्हणतात त्याचा. जुनी टोपोशीटे, म्हणजे सर्वेक्षण विभागाची जुनी नकाशापत्रके, एव्हरेस्ट यांच्या नावाच्या गोलाभावर (पृथ्वीसाठी मानलेल्या गणिती आकारावर) आधारलेली आहेत, तर तुमचा फोन डब्ल्यूजीएस-८४ या वेगळ्या डेटमवर चालतो. त्यामुळे जुन्या पत्रकावरचे आकडे जसेच्या तसे फोनमध्ये घातले, तर जागा शंभर मीटरांहून अधिक सरकू शकते. एका सकाळी मी शेजारच्याच टेकाडावर दोन तास गवत बाजूला करत फिरलो आणि खूण नष्ट झाली असे ठरवून उतरलो. पुढे एका अनुभवी मित्राने चूक दाखवून दिल्यावर पुन्हा गेलो, तेव्हा ती वीस मिनिटांत सापडली. खुल्या मालिकेतील नवे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ वर आहेत, म्हणून शक्यतो तेच वापरा, आणि जुने पत्रक वापरावेच लागले तर आकड्यांचे रूपांतर करून मगच ते फोनमध्ये भरा.

तिसरा घोळ उंचीचा. जीपीएसची कच्ची उंची गोलाभापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नसते. ही दुरुस्ती न करणारे अॅप गोव्याच्या किनाऱ्यावर उभे असतानाही उणे काही दहा मीटर उंची दाखवते. म्हणून फोनवरची उंची नकाशाशी जुळत नाही एवढ्यावरून ‘माथा चुकला’ असा निष्कर्ष काढू नका.

४. जमीन कोणाची आहे ते पाहा

गोव्यात डोंगर म्हणजे मोकळी जागा असे समजणे चूक आहे. तो खासगी असतो, कोमुनिदादीचा (गावाच्या सामायिक जमिनीच्या संस्थेचा) असतो, देवस्थानाचा असतो, खाणपट्ट्यात असतो किंवा वन खात्याचा असतो. राज्याच्या भूमी अभिलेख खात्याच्या संकेतस्थळावर तालुका, गाव आणि सर्व्हे क्रमांक देऊन फॉर्म एक-चौदा (जमिनीच्या हक्कांचा उतारा) पाहता येतो आणि त्यावरून कोणाला विचारायचे हे कळते. खासगी जमिनीसाठी तोंडी विचारणा बहुतेक वेळा पुरते, मात्र ती खरोखर करावी.

म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि भगवान महावीर या अभयारण्यांत वन खात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकू नका. मार्च २०२३ मध्ये म्हादईच्या परिसरात वणवे लागल्यानंतर विनापरवाना प्रवेशाबाबत खाते अधिक कठोर झाले, आणि ते योग्यच होते. गोव्यातील सर्वांत उंच शिखर सोनसोगोर सत्तरीत सह्याद्रीच्या कण्यावर आहे. तिथे जाण्याची ओढ प्रत्येकाला लागते, पण ते पहिल्या वर्षाचे काम नव्हे. सुरुवातीला गाडीरस्ता बराच वर जातो अशा, लोकांचा वावर असलेल्या डोंगरांवर हात बसवा. पारोड्याचा चंद्रनाथ किंवा बोरीचा सिद्धनाथ यांसारख्या डोंगरांवर नकाशा आणि जमीन यांचा मेळ घालण्याचा सराव उत्तम होतो, मग तिथे खूण मिळो वा न मिळो. दोन्हीकडे वर देवस्थान आहे, त्यामुळे तिथले नियम पाळा.

दाबोळी परिसर आणि नौदलाच्या इतर आस्थापना यांच्या आसपास मोजपट्टी, नकाशा आणि कॅमेरा घेऊन फिरू नका. ड्रोन तर घरीच ठेवा. आणखी एक सापळा परदेशातून येणाऱ्या मित्रांसाठी: उपग्रहाद्वारे संदेश पाठवणारी उपकरणे भारतात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. साध्या जीपीएस यंत्राला ही अडचण नाही, पण संदेश पाठवणाऱ्या यंत्रामुळे गोव्याच्या विमानतळावर प्रवाशांवर कारवाई झालेली आहे.

५. हंगाम निवडा

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. पावसाळ्यात सडे (डोंगरावरची खडकाळ पठारे) निसरडे असतात आणि ऑक्टोबरमध्ये गवत कमरेएवढे असते. मार्चनंतर उघड्या जांभ्या दगडावर सकाळी दहालाच उभे राहवत नाही.

एक गोष्ट मात्र ठळकपणे लक्षात ठेवा. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडांमार्फत पसरतो आणि त्याचा जोर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत, म्हणजे नेमक्या आपल्या हंगामात असतो. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पँट मोज्यात खोचा, पालापाचोळ्यावर बसू नका, गोचीड दूर ठेवणारे तेल लावा आणि घरी येताच अंगावर गोचीड आहे का हे पाहून गरम पाण्याने आंघोळ करा. नंतरच्या दिवसांत ताप आला, तर आपण जंगलात गेलो होतो हे डॉक्टरांना आपणहून सांगा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा.

६. सोबत काय घ्यावे

कागदपत्रे: ओळखपत्र, वन खात्याची परवानगी लागत असल्यास तिची छापील प्रत, जमीनमालकाने होकार दिला असल्यास त्याचा फोन क्रमांक, आणि नकाशाच्या त्या भागाचा छापील तुकडा. डोंगराच्या पलीकडच्या उतारावर नेटवर्क नसते, म्हणून फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा.

साधने: होकायंत्र, लहान मोजपट्टी, मऊ ब्रश, वही आणि पेन्सिल, जास्तीची पॉवर बँक, विजेरी, शिट्टी, काठी आणि प्रत्येकी किमान तीन लिटर पाणी. घोट्याच्या वर येणारे बूट अनिवार्य आहेत, कारण फुरसे जांभ्याच्या दगडांमध्ये इतके बेमालूम मिसळते की पाय पडेपर्यंत दिसत नाही. दगडाच्या कपारीत काठी घालून पाहिल्याशिवाय हात घालू नका. कोयता नेऊ नका, कारण आपण झाडे तोडायला जात नाही. एकट्याने तर मुळीच जाऊ नका, आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघा. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

७. गावात विचारा, मग चढा

‘त्रिकोणमितीय स्थानक’ हा शब्द गावात कोणालाही कळणार नाही. सत्तरीतल्या एका वाड्यावर मी बराच वेळ नकाशा दाखवत होतो. शेवटी कोकणीत “काका, हांगा वयर सर्व्हेचो फातर आसा?” (इथे वर सर्व्हेचा दगड आहे का?) असे विचारले, तेव्हा अंगणात बसलेल्या वृद्ध गृहस्थांनी लगेच उलट विचारले, “खंयचो? खाणीचो काय शेताचो?” मी “सगळ्यांत वयलो, पोरनो” (सगळ्यांत वरचा, जुना) म्हटल्यावर त्यांनी नुसती वाटच सांगितली नाही, तर मधल्या झऱ्याला पाणी असेल की नाही हेही सांगितले. गुरे चारायला डोंगरावर जाणाऱ्या माणसांइतकी पक्की माहिती कोणत्याही नकाशात नसते. विचारताना आपण कोण, कशासाठी आलो आणि काहीही नेणार नाही, हे स्पष्ट सांगा. जमिनीची मोजणी करायला कोणी आले आहे असा समज झाला, तर लोक साहजिकच अस्वस्थ होतात.

माथ्यावर पोचल्यावर फोन बाजूला ठेवा आणि आधी चारही दिशांना पाहा. सर्वेक्षकाने सर्वांत उंच दगड निवडला असेलच असे नाही. जिथून अधिकाधिक दूरचे माथे दिसतात अशी जागा त्याने निवडली. आज झाडे वाढली असली तरी जमिनीचा उंचवटा तसाच असतो. त्या जागेभोवती सुमारे ३० मीटरांच्या परिघात आतून बाहेर गोल फिरत शोधा. जांभ्याला नैसर्गिकरीत्याच भोके असतात, त्यामुळे एखादे गोल भोक म्हणजे कोरलेला ठिपका नव्हे. भोवती हाताने कोरलेली रेषा आहे का ते पाहा. सकाळच्या तिरक्या उन्हात बुजलेली अक्षरे उठून दिसतात, आणि ऊन डोक्यावर आले असेल तर दगडावर थोडे पाणी ओतल्यास कोरीव रेषा गडद होते. खडू, रंग, कोळसा यांपैकी काहीही लावू नका. गोव्याच्या जमीन महसूल संहितेत सीमा आणि सर्वेक्षणाच्या खुणांना इजा करणे हा दंडनीय प्रकार आहे. शिवाय एकदा घासलेली अक्षरे परत येत नाहीत.

८. नोंद करा

तीन छायाचित्रे पुरेशी आहेत: खूण जवळून (शेजारी मोजपट्टी ठेवून), खूण आणि परिसर एकत्र, आणि खुणेवर उभे राहून दिसणारा सर्वांत ठळक दूरचा माथा. फोन खुणेवर ठेवून पाच मिनिटे थांबा आणि सरासरी अक्षांश-रेखांश घ्या. मोकळ्या आकाशाखाली साधारण पाच मीटरांची अचूकता मिळते. वहीत तारीख, दगडाचा प्रकार, अक्षरे जशी दिसली तशी, आणि स्थिती लिहा. न दिसलेले अक्षर अंदाजाने भरू नका. खूण मिळाली नाही तर ‘सापडली नाही’ हीसुद्धा पूर्ण नोंद आहे. किती वेळ आणि कुठे शोधले ते लिहिले, तर पुढच्या माणसाला तिचा उपयोग होतो.

९. जवळ स्वतःची डबी ठेवायची असेल तर

खुणेवर, तिच्या चौथऱ्यात किंवा दगडांच्या राशीत डबी कधीही ठेवू नका. त्याऐवजी खुणेवरची अक्षरे हा कोड्याचा पहिला टप्पा करा आणि डबी डोंगराच्या पायथ्याशी, परवानगी मिळालेल्या जागी ठेवा. म्हणजे खुणेपाशी कोणालाही काहीही हलवण्याचे कारण उरत नाही. दोन डब्यांमध्ये किमान १६१ मीटर अंतर लागते, आणि जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबी जमिनीत पुरण्यास मनाई आहे. डबा पारदर्शक घ्या आणि त्यावर मराठीत किंवा कोकणीत ‘हा खेळ आहे, आत फक्त वही आहे’ असे लिहून आपला संपर्क द्या. लोखंडी पेटी किंवा दोन्हीकडून बंद केलेला पाइप ठेवला, तर पोलिसांना बोलावले जाईल आणि त्यात त्यांची चूक नसेल. खाण्याचा पदार्थ ठेवू नका, माकडे डबा फोडतात. आत पेनाऐवजी पेन्सिल ठेवा. गोव्यात जून ते सप्टेंबर या काळात साधे झाकण टिकत नाही, म्हणून रबरी कडेचा डबा घेऊन वही वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधा. मे महिन्याच्या शेवटी डबी घरी आणा, संकेतस्थळावर ती तात्पुरती बंद असल्याचे नोंदवा, आणि दिवाळीनंतर गवत बसले की कोरड्या वहीसह पुन्हा जागेवर ठेवून या.